चौथा क्लास घेऊन झाला, आता क्वालिटीत जाऊ का?

पत्र असं आहे (थोडं कापलंय):

"ताई, मी अकरा वर्षं बेडसाइडला काम केलं, त्यातली सात आयसीयूत, आणि गेली पाच वर्षं त्याच हॉस्पिटलमध्ये नर्स एज्युकेटर आहे. नवीन मुलींचं इंडक्शन, औषधं, इन्फेक्शन कंट्रोल, सगळे क्लास माझ्याकडे. आता मेट्रन म्हणतायत क्वालिटी आणि पेशंट सेफ्टीमध्ये जागा आहे, तू जा. मला काही सुचत नाहीये. एक तर तिथे गेलेल्या माणसाला सगळे पोलीस म्हणतात, कालपर्यंत माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या मैत्रिणी मला बघून गप्प होतील. दुसरं म्हणजे ते आकडे, ग्राफ, एक्सेल, मला शाळेपासून गणिताची भीती. तिसरं, शिकवणं सुटेल, पेशंट तर आधीच सुटलेत. आणि खरं सांगू, मी तिकडे जाऊन वेगळं काय करणार? गेल्या महिन्यात एका वॉर्डात नाईटला एका सिस्टरने एका पेशंटचं इंजेक्शन शेजारच्या बेडवरच्याला द्यायला घेतलं, पेशंटच म्हणाले अहो हे माझं नाही, म्हणून वाचलं. मला लगेच निरोप, पेशंट आयडेंटिफिकेशनवर क्लास घ्या. घेतला. याच विषयावरचा या वर्षातला चौथा. एवढं शिकवूनही असंच होणार असेल तर काय उपयोग? आणि मला तू म्हणा, तुम्ही मोठ्या आहात."

बरं, तू तर तू.

तुझ्या तीन भीत्यांबद्दल बोलूच, पण आधी तू शेवटी जाता जाता जे लिहिलंयस ना, चौथा क्लास, त्यावर थांबूया, कारण मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे आणि तुला ते अर्धं कळलेलं पण आहे, नाहीतर तू "चौथा" असं मोजून लिहिलंच नसतंस.

मी पण एज्युकेटरच होते गं. क्वालिटीत आले तेव्हा माझ्या हातात एकच हत्यार होतं, क्लास. पहिल्याच वर्षी एका वॉर्डात एका आजोबांना इन्सुलिन जास्त गेलं, साखर एकदम खाली, घाम फुटला, गुंगी आली, पण सिस्टरच्या लवकर लक्षात आलं, डेक्स्ट्रोज दिलं, सावरले. घटनेची नोंद करायचा इन्सिडंट फॉर्म माझ्या टेबलावर आला. मी काय केलं, त्या सिस्टरकडून लेखी खुलासा घेतला (याची मला आजही लाज वाटते) आणि दोन दिवसांत तीन बॅच करून सगळ्या वॉर्डांना इन्सुलिन शिकवलं, प्रकार, युनिट म्हणजे काय, दोघींनी तपासायचं कसं, सगळं. प्री टेस्ट, पोस्ट टेस्ट. हजेरीचा कागद फाईलला लावून वर लिहिलं, ट्रेनिंग दिले, केस क्लोज. दीड महिन्याने दुसऱ्या वॉर्डात डिट्टो तेच. आणि या वेळी जिच्या हातून झालं ती माझ्या पोस्ट टेस्टला दहापैकी दहा मिळवलेली मुलगी होती.

त्या रात्री मी वॉर्डात गेले ती काही शोधून काढायला वगैरे नाही, खरं तर मला कळतच नव्हतं की आता आणखी काय शिकवू. ट्रे उघडून बघितला तर आत इन्सुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या, काही लाल टोपणाच्या, काही केशरी. लाल म्हणजे ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट असतात त्या इन्सुलिनसाठीची, केशरी म्हणजे १०० ची, आणि फ्रिजमध्ये वायल, म्हणजे औषधाच्या बाटल्यासुद्धा दोन्ही ताकदीच्या. आता १०० च्या वायलमधून ४० च्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर सिरिंजमध्ये येतं पाव मिली, म्हणजे १० युनिट नाही, २५. अडीच पट. डोळ्यांनी बघितलं तर सिरिंज बरोब्बर १० वर. दुसरीने तपासलं तरी तिलाही १० च दिसणार. रात्री दोनला अर्ध्या उजेडात लाल की केशरी हे तूच सांग किती दिसतं. स्टोअरला कधी एक मिळाली तर ती, कधी दुसरी मिळाली तर ती, जे येईल ते वर पाठवलं होतं. पोरीला सगळं येत होतं, माझ्या पेपरात तो प्रश्नच नव्हता, कारण वॉर्डात दोन्ही प्रकार आहेत हे मलाच माहीत नव्हतं.

मग अख्ख्या हॉस्पिटलात एकच ताकद ठेवायची आणि तिचीच सिरिंज, असं ठरवून घेतलं. क्लासला दोन दिवस लागले होते, याला चार महिने लागले. परचेस, फार्मसी, डॉक्टर, जुना स्टॉक परत करायचा की संपवायचा यावरच तीन मीटिंगा, त्यातल्या एकीत तर मला सरळ विचारलं गेलं की सिस्टरांना नीट शिकवायचं सोडून तुम्ही आमच्या ऑर्डरमध्ये का पडताय. पण ते झाल्यावर ती चूक करायची म्हटली तरी करता येईना.

म्हणून सांगते, तिथे गेल्यावर नवीन बरंच शिकशील, पण त्याआधी एक सवय सोडायला लागेल, चूक झाली की क्लास, ही. आणि ही आपल्याला सगळ्यात जड जाते कारण आपण एज्युकेटर, आपलं पोटच त्याच्यावर, चूक दिसली की आपल्याला ज्ञानातलं भोक दिसतं. सेफ्टीच्या कामात उपायांची एक उतरंड मानतात. सगळ्यात वर काय, तर चूक होऊच शकणार नाही अशी रचना. त्याखाली मशीन किंवा कॉम्प्युटरने अडवणं, मग सगळीकडे एकच पद्धत, एकच ट्रे, एकच लेबल, त्याखाली चेकलिस्ट आणि दोघींनी तपासणं, त्याहून खाली सर्क्युलर आणि नियम, आणि तळाला ट्रेनिंग आणि "काळजी घ्या" असं सांगणं. आणि बहुतेक फाईलींमध्ये उपाय म्हणून काय लिहिलेलं असतं? तळातलंच. कारण ते लगेच होतं, फुकट होतं, आणि वरच्या कुणालाच काही बदलावं लागत नाही.

पोटॅशियम क्लोराईडच्या कॉन्सन्ट्रेटेड अँप्यूलचं उदाहरण तू स्वतः शिकवत असशील. डायल्यूट न करता शिरेत गेलं की हृदय थांबतं आणि दिसायला साध्या सलाईनच्या किंवा डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखं. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने, म्हणजे हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, १९९८ मध्ये सेंटिनल इव्हेंट अलर्ट, म्हणजे गंभीर घटनांवरचे इशारे, काढायला सुरुवात केली, त्यातला पहिलाच याच्यावर होता, आणि त्यातलं सांगणं क्लास घ्या असं नव्हतं, वॉर्डातून ती अँप्यूलच हलवा असं होतं. व्हिन्क्रिस्टिन या कॅन्सरच्या औषधाचंही तसंच, ते शिरेतूनच द्यायचं, चुकून पाठीच्या कण्यात गेलं की पेशंट जवळपास हमखास जातो, आणि जगभर अशा घटना झाल्या, शिकलेल्या, अनुभवी माणसांच्या हातून झाल्या. डब्ल्यूएचओने सांगितलं की सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईन बॅगमध्ये घालून द्या. बॅग कुणी कण्यात टोचायला जात नाही. विषय संपला.

याचा अर्थ शिकवणं वाया असतं असं मी म्हणत नाहीये, नाहीतर उद्या मला एज्युकेटर लोकांची पत्रं येतील. नवीन व्हेंटिलेटर आला, नवीन पंप आला, खरंच कुणाला येत नाहीये, तर शिकवायलाच हवं. फक्त फॉर्म हातात आला की आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, त्या रात्री त्या जागी तेवढंच शिकलेली दुसरी कुठलीही सिस्टर उभी असती तर तिच्याकडून हे झालं असतं का? उत्तर "हो, झालं असतं" असं आलं तर प्रश्न त्या सिस्टरचा नाहीच, आणि मग क्लासने काय होणार.

आता पोलिसाचं.

खोटं कशाला बोलू, म्हणतीलच. मला पण म्हणायचे. लिफ्टमध्ये मी शिरले की विषय बदलायचा. पण पोलीस म्हणतात त्याचं कारण क्वालिटीवाले वर्षानुवर्षं वागलेतच तसे, फाईल तपासायला यायचं, सही राहिली की लाल पेनाने गोल करायचा, आणि फॉर्म भरला की आठवड्यात मेमो. मग फॉर्म भरणार कोण? माणूस काय शिकतो तर पुढच्या वेळी लपवायचं.

तू तो अमेरिकेतला खटला ऐकला असशील, तुझ्या मुली पण ऐकून असतात. २०१७ च्या डिसेंबरमध्ये एका नर्सने स्कॅनच्या आधी पेशंटला शांत करायचं औषध काढायला औषधांच्या कॉम्प्युटरवाल्या कपाटात नावाची पहिली दोन अक्षरं टाकली, तिला हवं होतं व्हर्सेड म्हणजे आपलं मिडाझोलॅम, आणि ओव्हरराइड करून, म्हणजे कपाटाची अडवणूक ओलांडून, निघालं व्हेक्युरोनियम, श्वासाचे स्नायू लुळे पाडणारं. पेशंट गेली. नर्सने आपली चूक आपणहून सांगितली. मार्च २०२२ मध्ये ज्युरीने तिला दोषी धरलं, मे महिन्यात तीन वर्षांचं प्रोबेशन झालं. आता तिने वायलवरचं वाचलं नाही, कपाटाच्या सूचना ओलांडल्या, हे खरंच आहे, मी तिची वकील नाही. पण दोन अक्षरांवर असलं औषध बाहेर देणारं कपाट पण त्या खोलीत होतंच ना, त्याला कुणी पिंजऱ्यात उभं केलं नाही. आणि जगभरातल्या नर्सेसनी त्यातून जो धडा घेतला तो "कबूल करू नका" हा होता.

तुला पोलीस व्हायचं नसेल तर पहिल्या दिवशीच एक गोष्ट स्पष्ट करून घे, इन्सिडंटचे फॉर्म आणि शिस्तभंगाचे कागद एका टेबलावरून जाणार नाहीत. खुलासा मागणारी तू नसशील. चुकून झालेली चूक, रोज सगळेच घेतात तो शॉर्टकट, आणि जाणूनबुजून घेतलेला धोका, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिल्यात धीर द्यायचा, दुसऱ्यात शॉर्टकट का घ्यावा लागतो ते शोधून बोलायचं, आणि तिसऱ्याला कारवाई होऊ दे, बिनधास्त होऊ दे, पण तिसरी फार कमी असते, मी इतक्या वर्षांत बोटावर मोजण्याइतकी बघितली.

आणि ज्या सिस्टरच्या हातून झालं तिला भेटायचं, फाईलसाठी नाही, तिच्यासाठी. आल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरांनी २००० साली यासाठी "सेकंड व्हिक्टिम" असा शब्द वापरला, दुसरा बळी. काही पेशंटच्या घरच्यांना तो शब्द खटकतो, बळी तर आमचा माणूस गेला म्हणतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. शब्द काहीही असू दे, ती मुलगी रात्री झोपत नाही आणि पुढच्या ड्युटीला हात थरथरतो, हे तू पण बघितलंयस.

अजून एक, हे मॅनेजमेंटला समजावायला लागेल म्हणून लक्षात ठेव. तू गेल्यावर सहा महिन्यांत रिपोर्ट वाढले तर घाबरायचं नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेने नर्सिंग टीम्सवर अभ्यास केला होता, १९९६ ला छापून आला, तिला वाटलं होतं चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी सापडतील, आणि आकडे आले उलटे, जिथे इन्चार्ज चांगली, माणसं मोकळी, तिथे नोंद जास्त. चुका जास्त होत होत्या असं नाही, लोक बोलत होते. तेव्हा एखाद्या वॉर्डातून वर्षभर शून्य फॉर्म आले तर त्या वॉर्डाला बक्षीस देऊ नकोस बाई, तिकडे आधी जाऊन बस.

आणि फॉर्म भरणारीला परत जाऊन सांगायचं, तू कळवलंस त्याचं हे झालं. नाही झालं तर नाही झालं, अमुक ठिकाणी अडकलंय, तेही सांगायचं. आमच्याकडे मी नुसतं एवढं सुरू केलं, महिन्यातून एकदा प्रत्येक वॉर्डात उभ्या उभ्या पाच मिनिटं, "तुम्ही सांगितलेलं आणि आपण बदललेलं", आणि लिफ्टमधला विषय बदलणं हळूहळू थांबलं. पूर्ण नाही थांबलं. काही जणी अजून बोलत नाहीत.

तुझी खरी कमाई काय आहे माहितीये का? तू शिकवलेल्या मुली तुला खरं सांगतात. "मॅडम, आम्ही डबल चेक करत नाही, नुसत्या दोन सह्या करतो" हे वाक्य क्वालिटी मॅनेजरला कुणी सांगत नाही, एज्युकेटरला सांगतात. हे भांडवल एकदाच मिळतं. एक वाक्य जरी तू नावानिशी वर पोचवलंस तर संपलं, परत येत नाही.

गणिताचं ऐक. आपल्या व्यवसायाची जी आई मानतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, ती दिवा घेऊन फिरायची एवढंच आपल्याला शपथेच्या दिवशी सांगतात, पण बाई मुळात आकड्यांची होती. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगाने जास्त मेले हे तिने मांडून दाखवलं, तेही गोल पाकळ्यांच्या चित्रात, कारण तिला माहीत होतं की साहेब लोक तक्ते वाचणार नाहीत. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला सभासद करून घेतलं, पहिली बाई. तेव्हा नर्स आणि आकडे हे काही परकं नातं नाही.

आणि तुला लागणारं गणित सातवीच्या पुढचं नाही. पडलेले पेशंट किती, हे नुसतं सांगून उपयोग नाही, भागिले किती, हे लागतं. या महिन्यात ६ पडले, गेल्या महिन्यात ४, वाढले? गेल्या महिन्यात वॉर्ड अर्धा रिकामा असेल तर कदाचित नाही. म्हणून दर १००० पेशंट-दिवसांमागे (एक पेशंट एक दिवस राहिला की एक) किती, असं काढतात. बस, भागाकार. तू आयसीयूत इनोट्रोपचा, म्हणजे हृदयाला जोर देणाऱ्या औषधाचा, रेट मायक्रोग्रॅम पर केजी पर मिनिट तोंडी काढत होतीस, आणि भागाकाराला घाबरतेस?

दुसरं, दोन महिन्यांची तुलना करायची नाही, कधीच नाही, मॅनेजमेंट कितीही मागू दे. लाल बाण, हिरवा बाण, सगळं थोतांड. महिन्याचे ठिपके मांडायचे, मधोमध मीडियनची, म्हणजे निम्मे ठिपके वर आणि निम्मे खाली राहतील अशी, रेघ काढायची, आणि बघायचं. ओळीने सहा किंवा जास्त ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरंच बदललंय, ओळीने पाच किंवा जास्त वर किंवा खाली चढत गेले तरी. त्याच्या आत जे काय हलतं ते बहुतेक वेळा आपलं असंच, त्याच्यावर मीटिंग घेऊ नये. याला रन चार्ट म्हणतात, एक दुपार लागते शिकायला, एक्सेल शिकवणारी कुणीतरी तरुण पोरगी वॉर्डात असतेच, तिच्याकडून शिक.

अवघड काय असेल तर आकडा खरा आहे का हे ओळखणं. हँड हायजीन ९८ टक्के असा कागद तुझ्याकडे येईल. तू स्वतः कोपऱ्यात अर्धा तास उभी राहा, हातात पॅड न घेता. पॅड दिसलं की सगळे हात धुतात.

हातांवरून आठवलं, डॉक्टर सेमेलवाइसची गोष्ट तू इन्फेक्शन कंट्रोलच्या क्लासमध्ये सांगत असशीलच, व्हिएन्ना, १८४७, बाळंतिणींच्या वॉर्डात डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनमध्ये अडीच टक्क्यांच्या आत आले. आपण गोष्ट इथे थांबवतो. पुढचं सांगत नाही, की एवढा आकडा हातात असून त्याचं फारसं कुणी ऐकलं नाही, त्याने नीट लिहून मांडायला बरीच वर्षं लावली आणि मग न ऐकणाऱ्या डॉक्टरांना जाहीर पत्रांतून खुनी वगैरे म्हटलं, त्याने तर उरलेले पण दूर गेले. बरोबर असणं आणि लोकांकडून करून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम तुला येतं, गेली पाच वर्षं तू तेच करतेयस, नाईट करून आलेल्या मुलींना सकाळी नऊला जागं ठेवून शिकवणं म्हणजे काय असतं.

शिकवणं सुटेल का? पोडियमवरचं सुटेल, आणि सुटू दे. मिशिगनमधलं काम बघ, पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या टीमचं, २००६ ला छापून आलं, शंभरावर आयसीयूंमध्ये सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, इन्फेक्शन दर १००० कॅथेटर-दिवसांमागे २.७ या मीडियनवरून तीन महिन्यांत शून्यावर. सगळे पाच मुद्द्यांच्या यादीचं कौतुक करतात, हात धुवा, क्लोरहेक्सिडिन लावा, पूर्ण ड्रेप घाला, मांडीतली शीर टाळा, नको असलेली लाइन काढा. पण यात नवीन काय होतं? हे प्रत्येक डॉक्टरला येत होतं. नवीन होतं ते हे की सगळं सामान एका ट्रॉलीवर आणून ठेवलं, म्हणजे ड्रेप शोधायला कुणी तिसऱ्या खोलीत जाणार नाही, आणि नर्सला सांगितलं की पायरी चुकली तर तू प्रोसिजर थांबवायची, इमर्जन्सी नसेल तर, आणि वरचे लोक तुझ्या पाठीशी आहेत. आता सीनियर सर्जनला "सर, थांबा" कसं म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात आहे? ते कुणीतरी बेडजवळ उभं राहून, खोटा खोटा सर्जन बनून, पाच वेळा म्हणायला लावून शिकवावं लागतं. हे शिकवणं तुझं, आणि आधीच्यापेक्षा जास्त आवडेल तुला.

पेशंटचं मात्र तुझ्या हातात आहे. क्वालिटीची खोली माणसाला गिळते, इंडिकेटर, मिनिट्स, पॉलिसीची व्हर्जन सात, दिवस कुठे जातो कळत नाही. कॅलेंडरमध्ये आठवड्याचे दोन अर्धे दिवस "वॉर्ड" असं लिहून टाक आणि महिन्यातून एक नाईट. ते मीटिंगला द्यायचे नाहीत.

हो म्हणायच्या आधी मेट्रनला आणि वरच्यांना काही गोष्टी विचार, आणि उत्तर ऐकताना त्यांचे चेहरे बघ. मी कुणाला रिपोर्ट करणार, थेट वर की कुणाच्यातरी खाली कोपऱ्यात? गेल्या वर्षातल्या तीन गंभीर घटनांच्या फाईली मला आधी वाचायला द्याल का? (त्यात उपाय म्हणून काय लिहिलंय बघ, तिन्हीत ट्रेनिंगच असेल तर कुठे चाललीयेस ते कळेल.) एखादी वस्तू धोक्याची आहे म्हणून मी परचेसला नको म्हटलं तर माझं ऐकलं जाईल का? आणि हे काम वर्षभर आहे की इन्स्पेक्शनच्या आधीचे दोन महिने? शेवटच्याला जर ते हसले आणि म्हणाले, अहो, अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे मान्यतेची तपासणी, येतंय ना, फाईली लावायला कुणीतरी हुशार हवंय, तर जाऊ नकोस, एज्युकेटर म्हणून तू जास्त जीव वाचवशील. हे मी अगदी गंभीरपणे सांगतेय.

कोर्सचं थोडक्यात, सीपीएचक्यू आणि सीपीपीएस अशी दोन सर्टिफिकेट जगभर चालतात, पहिलं एकूण क्वालिटीचं, दुसरं पेशंट सेफ्टीचं. आधी एक वर्ष काम कर, मग परीक्षा दे, तेव्हा वाचलेलं कशाशी तरी जोडलं जातं. नुसती अक्षरं नावापुढे लावून आलेली माणसं मी बघितलीत, रूट कॉजचा माशाचा काटा, म्हणजे मूळ कारणं मांडायची ती आकृती, सुंदर काढतात आणि वॉर्डाचा दरवाजा कुठल्या बाजूला उघडतो ते माहीत नसतं.

मी काय म्हणेन, जा. वरची उत्तरं बरी आली तर जा. पण ऑर्डर हातात यायची वाट बघू नकोस, ते इंजेक्शनचं प्रकरण अजून ताजं आहे, या आठवड्यात त्या वॉर्डात रात्रीच्या औषधांच्या वेळेला जाऊन उभी राहा. इन्चार्जला आधी सांगून जा, तपासायला नाही, बघायला आलेय म्हण. पेशंटच्या मनगटाच्या बँडवरचं नाव त्या उजेडात वाचता येतं का, की हात धुऊन धुऊन पुसलं गेलंय? औषधं ट्रॉलीवर काढून बेडपाशी नेतात की आत एकदम सगळ्यांची भरून ट्रेमध्ये आणतात? पेशंटला एका बेडवरून दुसऱ्यावर हलवलं की चार्ट पण हलतो का, की सकाळी हलतो? औषध काढताना तिला किती वेळा हाक मारली जाते, फोन, बेल, नातेवाईक, डॉक्टर, हे मोज, नुसत्या रेघा मार कागदावर. सिडनीच्या दोन हॉस्पिटलांत नर्सेसच्या मागे उभं राहून असंच मोजलं होतं, २०१० ला छापलं, तर काम मध्येच तोडल्याच्या प्रत्येक वेळेमागे चुका साधारण १२ टक्क्यांनी वाढत होत्या.

आणि त्या सिस्टरला भेट. क्लासमध्ये ती पुढच्या रांगेत मान खाली घालून बसली असणार, तिला बाजूला घेऊन सगळ्यात आधी एवढंच विचार की त्या रात्री तिच्याकडे पेशंट किती होते. तू एवढं मोठं पत्र लिहिलंस, बेड, इंजेक्शन, चौथा क्लास, सगळं सांगितलंस, तेवढा आकडा त्यात नाहीये.